हिलमनभोवतीची रांगोळी

“पहले सूँघना, बेटी. देखना बाद में.”

हमीदबाबांचं हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. हमीदबाबा म्हणजे आमचे अमिरातीतल्या खोर फक्कानचे घरमालक. खाली ते एकटे, वर आम्ही तिघं. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते फुजैराला निघाले. पुढे महिना-दीड महिना तिथेच लेकीकडे, अन्वरीकडे, राहणार होते. आदल्या दिवशी मला गॅरेजमध्ये नेऊन त्यांनी आपली हिलमन माझ्या हवाली केली.

सत्तावन्न सालची गाडी, फिकट हिरवी. तरुणपणी कुवेतला नोकरी करून घेतलेली, लाँचमधून समुद्रावरून आणलेली. आमची लेक रिद्धी चार वर्षांची असताना तापाने फणफणली, तेव्हा याच गाडीतून बाबांनी तिला दवाखान्यात पोचवलं होतं. त्यामुळे ती गाडी मला नुसती गाडी कधी वाटली नाही.

बाबांनी ती लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती, बॅटरी सोडवली होती, सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबलं होतं. वरून सुती चादर. प्लास्टिकखाली गाडीला घाम येतो आणि थंडीतल्या खाऱ्या दवाने पत्रा गंजतो, म्हणाले. डोंगरात पाऊस झाला की उंदीर ऊब शोधत खाली घरांकडे येतात, म्हणून रोज बोनेट उघडून वास घ्यायचा.

“और कुछ हो जाए, तो मुझे तेरे मुँह से मालूम पड़े. दूसरे से नहीं.”

“हाँ बाबा. वचन.”

नेम मी चुकवत नाही. सकाळी आंघोळ, पूजा, मगच चहा. त्यात आता गाडीची भर पडली. पूजा आटोपली की तबक घेऊन खाली जायचं, चादर सारायची, वास घ्यायचा. कुंकू लावत नव्हते. गाडी बाबांची, त्यांना आवडेल न आवडेल. पण डॅशबोर्डवर चिमूटभर अक्षता आणि खडीसाखरेचा एक खडा ठेवायचे. बाबा चालत घरी येईपर्यंत रोज, असा मनाशी संकल्पच केला होता.

दुसऱ्या दिवशी खडा नसायचा. अक्षताही नसायच्या. कुणाला बोलले नाही, पण मनात आनंदाची उकळी फुटायची. आमच्या देवघरातली साखर इतकी वर्षं जागची हलली नव्हती, आणि इथे रोज नैवेद्य पोचत होता!

पंचविसाव्या दिवशी वास आला. ओलसर, आंबट, भिजलेल्या गोणपाटासारखा. बोनेटखाली पाहिलं, काही दिसेना.

“उदबत्ती सोडून तुला सगळेच वास वाईट वाटतात,” हे म्हणाले. हे म्हणजे प्रल्हाद, पोर्टवर नोकरीला. त्यांच्या मते बंद गॅरेजला वास येणारच.

मला मात्र चैन पडेना. असलेच उंदीर तर येतात कुठून, गाडीत शिरतात कुठून? आणि गाडीत आहे काय त्यांच्यासाठी? संध्याकाळी चाळणी घेतली आणि दिवाळीची उरलेली रांगोळी गाडीभोवती पातळ, एकसारखी चाळून ठेवली. नक्षी नाही, काही नाही. नुसती पांढरी जमीन.

सकाळी दार उघडलं आणि तिथेच उकिडवी बसले. इवलीइवली पावलं! मधून शेपटीची रेघ. इतकं नाजूक काम माझ्या चिमटीला कधी जमलं नसतं. मी रिद्धीला हाक मारली. दहा वर्षांची पोर, गणवेशातच धावत आली.

“आई, दे हॅव अ रूट! लाइक माय स्कूल बस!”

खरंच होतं. दाराच्या फटीतून सरळ डाव्या बाजूच्या पुढच्या ठोकळ्यापर्यंत, तिथून वर. मी गाडीचं दार उघडलं. पायांना लागलेली रांगोळी उंदरांनी आतही नेली होती. पेडलजवळ पांढरे ठिपके, सीटवर ठिपके, तिथून डॅशबोर्डवर. आणि जिथे मी रोज हात जोडायचे, तिथे ठिपक्यांची दाटी.

“व्हॉट डू यू कीप हियर?”

“नैवेद्य.”

“सो यू आर देअर रेस्टॉरंट!” ती खो-खो हसली. मला हसू येईना.

दुपारी मेकॅनिक हमदुल्ला आला. डॅशबोर्डखाली डोकं घालून बराच वेळ पडून राहिला. जुन्या तारांवरचं सुती वेष्टण कुरतडलेलं, दोन तारा तुटलेल्या, सीटखालचा काथ्या ओढून काढलेला.

“भाभी, इसमें खाना कौन रखा?”

चाळीस वर्षांत बाबांनी ज्या गाडीत खजूरसुद्धा खाल्ला नाही, तिथे मी पंगत वाढत होते.

“कोई बात नहीं. नया तार डालेगा, टेप मारेगा, खलास. बुड्ढे को पता भी नहीं चलेगा.”

ह्यांचंही तेच मत. “आत्ता कशाला सांगतेस? बरे होऊन येऊ देत. आणि सांगायचंच तर फोन आहे की.”

पटण्यासारखं होतं. बाबा पुन्हा किल्ली माझ्या हातात देतील का, ही धास्ती तर होतीच. पण बाबांना त्या गाडीतली तार न् तार ओळखीची होती. नव्या तारेवर त्यांचं बोट थांबेल, आणि ते वर बघतील, तेव्हा मी कुठे बघू?

दुसऱ्या सकाळी संकल्प मोडला नाही, फक्त जागा बदलली. अक्षता आणि खडीसाखर वर देवघरातच ठेवली. देवाची काही तक्रार दिसली नाही. खाली जाऊन गाडीला रिकाम्या हातांनी नमस्कार केला आणि गाडीतले उरलेसुरले तांदळाचे दाणे एकेक करून वेचले. कुरतडलेला तारेचा तुकडा आणि ते दाणे एका रुमालात बांधले. हे दाढी करत होते.

“कुठे निघालीस?”

“फुजैराला. बाबांना भेटून येते.”

“एकटी? थांब, शुक्रवारी मी नेतो.”

“शुक्रवारपर्यंत हमदुल्ला कुणाकडे तरी बोलून बसेल,” मी म्हटलं आणि चपला घातल्या.

स्टँडवर शेअर टॅक्सी उभी होती. मागे खिडकीजवळची जागा मिळाली. रुमाल मांडीवर ठेवला, त्यावर हात ठेवला आणि ‘बाबा, ग़लती मेरी है’ हे वाक्य हिंदीत नीट जुळवत बसले.