दुसरा पाट

कूलरचं गवत दरवर्षी बदलावं लागतं. जुनं काढताना त्यात चिमणीची पिसं निघतात.

बंडूजी पितरपाठाच्या पंधरा दिवसांत अकरा घरी जेवतात. अकराही घरी ते मेलेले असतात.

रेनकोट, गडद निळा, प्रफुलच्या मापाचा. कॉलरला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच.

वर्ग चौथा. प्रश्न: ऋतू किती व कोणते? एका मुलीनं लिहिलं, तीन. कूलरचा, छत्रीचा आणि दुलईचा. वर्षालीनं पूर्ण मार्क दिले.

अंगावरील खुणा: डाव्या भुवईच्या वर कापल्याचा व्रण. स्वभाव: शांत. स्वभावाचा रकाना पोलिसांच्या त्या फॉर्मवर नव्हता. वासुदेवरावांनी तो समासात लिहिला.

उन्हाळ्यात वाळवायचे कणकेचे सरगुंडे वळायला काडी बारीक लागते आणि माणसं पुष्कळ.

*

आंजी गावातलं घर, पुढून स्लॅबचं, मागून टिनाचं. त्यात तीन माणसं राहतात. वासुदेवराव, निवृत्त पोस्टमास्तर, वय एकाहत्तर. त्यांच्या पत्नी रुख्माबाई. सून वर्षाली, शाळेत शिक्षिका.

चौथा प्रफुल. वासुदेवरावांचा मुलगा, वर्षालीचा नवरा. वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. सहा वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, ड्यूटीवर जातो म्हणून सकाळी निघाला. मोटारसायकल स्टेशनच्या स्टँडवर लावली आणि कुठंतरी गेला. भांडण झालेलं नव्हतं. चिठ्ठी नव्हती. मोटारसायकल तेवढी परत आली.

पोलिसांच्या कागदावर तो बेपत्ता आहे. शेजारणींना रुख्माबाई सांगतात, "बाहेरगावी हाये."

*

एप्रिल. मागच्या अंगणात चादर पसरलेली, सासू-सुना काडीवर कणकेची दोरी गुंडाळतायत.

"आई, एवढी कणीक?"

"चौघाची."

"आपण तिघं आहो."

"तू पोरायले गणित शिकव. माह्या कणकेले नको शिकवू."

वर्षाली सिंदी गावची. तिच्या माहेरी सरगुंडे विकत आणतात. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात तिची काडी सारखी मोडायची, आणि प्रफुल पलीकडून एकेक नवी काडी सोलून द्यायचा. ती आता एकही मोडत नाही.

रोशन खिडकीत चढून कूलर दुरुस्त करत होता. बसस्टँडजवळ त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. पहिलीपासून दहावीपर्यंत तो आणि प्रफुल एकाच बाकावर. प्रफुल गेल्यापासून कूलर रोशन लावतो, पावसाळ्याआधी टिनावर डांबर रोशन लावतो, आणि न विचारता स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी पितो.

"काकू, पंखा बदलावा लागते आता. म्हातारा झाला."

"अन् तू? कानावरचे केस पाह्य आपले."

"मी तं स्टाइल म्हणून पिकवले."

रुख्माबाई हसल्या. मग त्याच्या कानशिलाकडे पाहत राहिल्या.

"त्याचेई पिकले असन इतक्यात," त्या म्हणाल्या.

रोशननं पाना खाली ठेवला, परत उचलला. त्याला हे माहीत होतं. त्याचं पोट सुटलं तेव्हा काकूंनी प्रफुलच्या शर्टांच्या शिवणी उसवून ठेवल्या होत्या. त्याला चष्मा लागला तेव्हा म्हणाल्या होत्या, त्याले कोण घेऊन देईन बाप्पा चष्मा. मुलगा आता केवढा झाला असेल ते त्या रोशनकडे बघून ठरवायच्या. तो येत होता तोवर दुसऱ्या कुठल्या फोटोची त्यांना गरज नव्हती.

*

त्याआधीचा डिसेंबर. दोरीवर चार दुलया उन्हात. चौथीवर बसलेलं मांजर रुख्माबाईंनी हाकललं.

वासुदेवराव खोकत होते. तीन आठवडे झाले होते. वर्षाली काढा घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, "माह्या मागं कोण करीन?"

"कशाचं, बाबाजी?"

"त्याचं."

तिनं कप खाली ठेवला.

"मी हाये तोवर त्याले पितरात बसवतो. मी गेलो का कोणी नाई करणार. तुह्यावर तं मी टाकू शकत नाई."

"ते गेले असं कोण म्हणते?"

"कोणीच नाई म्हणत. पाच वर्षं झाले, कोणीच काही म्हणून नाई राह्यलं. तो मेला असन तं उपाशी हाये, वर्षाली."

आणि जिवंत असेल तर, हे तिनं विचारलं नाही. अंगणात रुख्माबाई काठीनं दुलई झोडत होत्या.

*

रीत अशी. ज्याचं पितर, त्याच्या वयाचं माणूस जेवायला सांगायचं. म्हाताऱ्याला म्हातारा, बाईला बाई. पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं. मग घरच्यानं गेलेल्याचं नाव घेऊन जेवा म्हणायचं. नाव घेतल्याशिवाय पहिला घास उचलत नाहीत. तिथी माहीत नसेल त्याचं पितर सर्वपित्री अमावस्येला.

वासुदेवरावांच्या वडिलांचं, भैयाजींचं पितर अमावस्येलाच असे. गावातले म्हातारे बंडूजी बसत. वासुदेवरावांनी ठरवलं, त्यातच प्रफुलचंही उरकून टाकू.

"तुह्या सासूले सांगू नको," ते वर्षालीला म्हणाले. "दोन पाट दिसले तं तिले वाटन, बंडूजीनं सोबत आणलं कोणाले."

चाळीस वर्षं टपाल हाताळणाऱ्या माणसाची चूक. पाकिटावर दुसरा पत्ता घातला की आतला कागद बदलतो असं नाही.

वर्षाली हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण अमावस्येच्या सकाळी माळ्यावर चढून दुसरा पाट तिनंच काढला. पुसला. भिंतीशी उभा केला. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं ती रोज सकाळी आरशात बघून टिकली लावत होती आणि रोज तिला वाटायचं, हे कोणीतरी एकदा ठरवून टाकावं.

*

कढी, वडे, कोहळ्याची भाजी, तांदळाची खीर. कारलं. बाहेर पाऊस थांबलेला, टिनावरून थेंब पडतायत.

बंडूजी साडेबारालाच आले. "मास्तर, लवकर वाढा गड्या. आज मले अजून दोन घरी मराचं हाये."

"तुमाले तं एक दिवस खरंच मरा लागन," रुख्माबाई आतून म्हणाल्या. "तेव्हा कोण जेवीन तुमच्या नावानं? एवढं पोट कोणाचं हाये?"

"म्हणून तं मरून नाई राह्यलो, वहिनी."

त्या ताट घेऊन बाहेर आल्या आणि दोन पाट बघितले. मग दाराकडे पाहिलं.

दारात रोशन उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट. चपला उंबऱ्याच्या बाहेर काढून उभा, आत येत नव्हता.

"काऊन रे बाहेर? ये ना. चहा ठेवू का?"

"काकाजीनं जेवाले सांगतलं, काकू."

रोशन बेचाळीस वर्षांचा होता. भैयाजी ब्याऐंशीव्या वर्षी गेले होते. कढीला उकळी आली आणि वर्षालीनं गॅस बंद केला.

रुख्माबाईंनी ताट खाली ठेवलं. रोशनकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं.

"बसवा त्याले," त्या म्हणाल्या.

"अवं, मी म्हटलं एकदा..."

"बसवा म्हटलं ना."

रोशन बसला. त्याचे पाय वासुदेवरावांनी धुतले. बापानं, मुलाच्या मित्राचे. रोशननं पाय मागं ओढले, वासुदेवरावांनी घोटा धरून ठेवला. मग त्याच्या कपाळाला गंध लावलं. बंडूजींना आपलं पाणी कोण घालणार ते कळेना. त्यांनी तांब्या घेतला आणि स्वतःच पायावर ओतलं.

ताटं वाढून झाली.

"भैयाजी, जेवा," वासुदेवराव म्हणाले. बंडूजींनी घास उचलला, बाजूला बघितलं, परत ठेवला.

दुसऱ्या पाटासमोर वासुदेवराव हात जोडून उभे होते. तोंड उघडलं होतं. वाफ कमी होत गेली, खिरीवर साय धरली.

"काकाजी," रोशन हळूच म्हणाला, "राहू द्या. मी जातो."

"बस," रुख्माबाई म्हणाल्या. "ताटावरून उठतेत का?"

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अवो, नाव घ्या ना. आणलं ना तुमी त्याले? घ्या नाव."

वासुदेवरावांनी मान हलवली. नाही. पुन्हा हलवली.

वर्षाली दाराला टेकून उभी होती. तिच्या कपाळाकडे कोणी बघत नव्हतं, सगळेच ते टाळून बघत होते. नाव तिलाही घेता आलं असतं.

रुख्माबाई गुडघ्यावर हात देऊन खाली बसल्या. रोशनच्या अगदी समोर. वाटी त्याच्या हाताशी सरकवली.

"प्रफुल," त्या म्हणाल्या. "जेव बाबू. थंडं होऊन राह्यलं."

रोशननं घास घेतला. त्या वाढत गेल्या. कारलं रोशनला कधीच आवडलं नव्हतं, प्रफुलला आवडायचं. त्यांनी तीनदा वाढलं, त्यानं तीनदा खाल्लं. चष्मा ओला झाला तरी त्यानं उष्टा हात वर नेला नाही. बंडूजी चूळ भरायला गेले ते मागच्या दारानंच निघून गेले. त्यांनी आणखी एक वडा मागितला नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं.

उठताना रोशन सवयीनं पाया पडायला वाकला. रुख्माबाई मागं सरकल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "आज तू नको पडू."

*

त्यानंतर दुलया. दोरीवर तीन.

*

मार्चमध्ये रोशन आला. फाटकातून हाक मारली, "काकू, कूलर काढू का?"

रुख्माबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. कपाळावर काही नव्हतं, तोच जुना शर्ट, हातात पाना. त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. आतून कडी लागली.

वर्षालीनं खिडकीतून सांगितलं, "दादा, मी करीन या वर्षी. तुमी नका येऊ." मग म्हणाली, "त्यायले तुमच्याकडं पाहवत नाई."

"मले समजते, वहिनी."

त्यानं पाना खिडकीच्या कठड्यावर ठेवला. तिला लागेल म्हणून.

कूलर वर्षालीनं लावला. पाणी गळत होतं, तिनं खाली भगोणं ठेवलं. वासुदेवराव त्या उन्हाळ्यात फारसं बोलले नाहीत. खोकला मात्र गेला. रुख्माबाईंनी कणीक भिजवली, तिघांची, बरोबर मोजून. आता रोशनचे केस किती पिकले ते त्या घरात कोणालाच माहीत नाही. आणि दुसऱ्याचे किती, हे ठरवायला काही उरलं नाही.

घरातून निघून जायच्या आदल्या दिवशी प्रफुलनं, पुढच्या आठवड्यात नेतो म्हणून, वर्ध्याच्या एका शिंप्याकडे दोन पँटी शिवायला टाकल्या होत्या.