बिनआवाजाची वीज

मंडळाच्या गणपतीत लाईटची जबाबदारी कोण घेणार, असं सभेत विचारलं तेव्हा सगळे छताकडे बघायला लागले आणि आमच्या ह्यांनी, दिनकररावांनी, हात वर केला. बँकेच्या बदलीवर कलकत्त्यात येऊन धड वर्ष झालं नव्हतं. पण गप्प बसतील तर शपथ! इथे संध्याकाळ झाली की लोडशेडिंग, म्हणजे कार्यक्रमात लाईट जाणार हे धरूनच चालायचं. आणि लोक बोलणार ते आम्हाला.

त्यातून यंदा विमलमावशी गाणार होत्या. मावशी जन्मापासून इथल्याच, बेहाला भागातल्या निम्म्या मराठी मुली त्यांच्याकडे गाणं शिकलेल्या. आम्ही नवे आलो तेव्हा घर मिळेपर्यंत त्यांनीच आम्हाला ठेवून घेतलं होतं. पुढे त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज बसला तो पुरता उठलाच नाही. शिकवण्या बंद झाल्या. कार्यक्रम ठरल्यावर भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, “एकच भजन म्हणते. तू शेवटच्या रांगेत बस आणि खरं काय ते सांग. नाही पोचलं, तर तंबोरा देऊन टाकते कुणाला तरी.” मला तिथेच रडू आलं.

मी ह्यांना बजावलं, वीज कुठूनही आणा, पण ती बोलता कामा नये. जनरेटर तर बादच. गेल्या वर्षी तो हॉलच्या मागे ठेवला होता, तरी आभाराचं भाषण लाँचवर उभं राहून केल्यासारखं ऐकू आलं म्हणे. मग हे बॅटरीवर चालणारा कुठलासा कन्व्हर्टर घेऊन आले. मावशींच्या घरात लावून बघितला, तर तो घूं घूं करायला लागला. मावशींनी तंबोरा लावला आणि हसल्या. म्हणाल्या, हा माझ्या षड्जाच्या जरा खाली गातोय, मला ओढून नेईल. गेला तोही परत. शेवटी निवडणुकीत रिक्षावर बांधतात ना, तसला थेट बॅटरीवरचा अॅम्प्लिफायर मिळाला. ट्रकच्या बॅटऱ्या जोडल्या की हूं की चूं नाही. पेट्रोमॅक्स फुसफुसते म्हणून मी उजेडाला कंदील ठेवायला लावले. बायका म्हणाल्या, सुनीती जरा अतिच करते. म्हणू देत.

आणि एवढं करून आम्ही माती खाल्लीच. तारीख ठरवताना सभेत पंचांग उघडून तिथी, वार, राहुकाळ, सगळं बघितलं होतं. सतरा सप्टेंबर निघाली. बंगाल्यांची विश्वकर्मा पूजा, म्हणजे कारखान्यांतली यंत्रांची पूजा, दरवर्षी ह्याच तारखेला असते, हे आमच्या पंचांगात कुठे शोधायचं? सभेत आम्ही सगळे बदलीवाले. मावशींना वाटलं, एवढे शिकलेले लोक, विचार करूनच ठरवलं असेल. हॉलला लागून लेथचा कारखाना. आम्ही संध्याकाळी पोचतो तर तिथे पूजा मांडलेली, आणि खांबावरचा कर्णा बरोबर आमच्या खिडकीकडे तोंड करून फिल्मी गाणी ओरडतोय.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे जाऊन हात जोडून आले. माणसं भली होती. आवाज कमी केला, ह्यांना आग्रहाने खिचडी खायला घातली, आणि हे परत येईपर्यंत आवाज पुन्हा होता तिथे. मी इतकी चिडले की मंडळाच्या अध्यक्षांना, श्यामरावांना, सगळ्यांसमोर नको ते बोलले. कार्यक्रम पुढे ढकलू या म्हटलं. मावशी नको म्हणाल्या. एकदा पाय मागे घेतला तर पुन्हा धीर व्हायचा नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

त्या बसल्या. तंबोरा सुरू झाला तो नुसता बोटं हलताना दिसला. पहिली ओळ म्हटली असावी. शेवटच्या रांगेत मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आता मावशींना काय सांगायचं, खोटं बोलायचं की काय?

तेवढ्यात लाईट गेली.

पंखे थांबले. कर्णा एका शब्दाच्या मधेच मेला. अख्खी गल्ली चिडीचूप झाली, आणि त्या शांततेत माईकमधून मावशींचा आवाज आला. बारीक, थोडा खरखरीत, पण सुरात, अगदी नेमका सुरात. बॅटऱ्या टेबलाखाली मुकाट काम करत होत्या. कारखान्यातली माणसं काम ना धाम म्हणून आमच्या दारात येऊन उभी राहिली, आणि त्यांनीही हूं केलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. ह्यांच्याकडे बघितलं तर हे रुमालाने चष्मा पुसत होते.

भजन संपलं. टाळ्या सुरू व्हायच्या आधीच मावशींनी हात वर करून थांबवलं आणि अंधारात मागे बघत माईकवरूनच विचारलं, “सुनीती, पोचलं का गं?”

मी शेवटच्या रांगेतून ओरडले, “पोचलं, मावशी. सगळं पोचलं.”

“मग आणखी एक म्हणते,” त्या म्हणाल्या, “लाईट यायच्या आत.”