लाल म्हणजे लाल

फोटोच्या क्लासच्या मास्तरीणबाईंनी आम्हाला घरचा अभ्यास दिला: आठवडाभर फक्त लाल रंगाचे फोटो काढायचे. मला वाटलं, त्यात काय मोठंसं? आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवतात. लाल रंग तर आमच्या घरात डब्यांनी भरलेला आहे.

पण शोधायला निघाल्यावर कळलं, लाल फार लबाड रंग आहे. डाळिंबाचा दाणा उन्हात धरला तर लाल, सावलीत काळपट. मुंगीला लाल म्हणतात, पण जवळून पाहिली तर ती तपकिरी. कोंबड्याचा तुरा, ट्रकचा मागचा दिवा, थंडीत शाळेला निघालेल्या पोरीचं नाक, डाळिंब सोलताना कापलेलं माझं बोट, काही म्हणून सोडलं नाही. टोमॅटोच्या ढिगासमोर मी उकिडवी बसले तेव्हा भाजीवाली म्हणाली, "काकू, विकत घेताय की स्थळ बघताय?"

संध्याकाळी सगळे फोटो फोनवर शेजारी शेजारी लावले. त्यात एकच खड्यासारखा टोचत होता, समोरच्या बेकरीची पाटी. एरवी कधी लक्षात आलं नव्हतं, पण बाकीच्या लालांत ती चक्क गुलाबी दिसत होती. उन्हाने रंग उडाला म्हणावं, तर पाटी नवीकोरी, यांनीच रंगवलेली. फोन बिघडला असेल म्हणून टोमॅटो घेऊन खाली गेले आणि पाटीशेजारी धरून फोटो काढला. टोमॅटो लाल आला, पाटी गुलाबीच राहिली.

मग मला राहवेना. यांच्या हातच्या पाट्या शोधत गावभर हिंडले. जुन्या पाट्या उन्हापावसाने विटल्या होत्या, तरी त्यांचा लाल सरळ लाल होता. अलीकडच्या सगळ्या मात्र गुलाबीकडे झुकलेल्या. सोमवारपासून हे अग्निशमन केंद्राचं मोठं दार रंगवणार होते. इतक्या वर्षांत एवढं मानाचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. गुलाबी दारातून बंब बाहेर पडला असता तर आगसुद्धा हसली असती, आणि यांनी पुन्हा कुंचला हातात धरला नसता.

सरळ सांगायची सोय नव्हती. मागच्या थंडीत यांनी माझ्यासाठी स्वेटर आणला. "घे, लालभडक!" मी म्हटलं, "अहो, हा गुलाबी आहे." झालं! "रंगाचं मला शिकवतेस? लाल म्हणजे लाल!" दोन दिवस अबोला. डोळे तपासून घ्या म्हटलं, तर म्हणाले, "पट्टीशिवाय सरळ रेघ मारतो मी." आणि मारतातही. यांच्या उस्तादांची शिकवणच तशी होती: उजवा डोळा मिटायचा आणि डाव्याने जोखायचं, रेघही आणि डब्यात कालवलेला रंगही. स्वेटर घेतानासुद्धा यांनी तसाच डोळा मिटला, तर विकणाऱ्या बाईला वाटलं हे डोळा मारताहेत.

रविवारी मी क्लासमधून जुना कॅमेरा मागून आणला, डोळा लावून बघायचा. खिडकीच्या कठड्यावर टोमॅटो ठेवला. मागे बेकरीची पाटी दिसत होती. दोन्ही एका चौकटीत आले की यांना फरक कळेल, एवढाच माझा बेत.

"जरा बघा हो, लाल नीट येतोय का. तुमच्याइतकं मला कुठे कळतं?"

यांची कळी खुलली. सवयीने उजवा डोळा मिटून यांनी डावा लावला. "ठीक आहे. लाल पाटी, विटकरी टोमॅटो. जरा ताजा आणायचास."

मी कपाळाला हात लावला. पण त्या कॅमेऱ्याची डोळा लावायची काच अगदी डाव्या कोपऱ्यात. डावा डोळा लावला की नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेंगरायचं, आणि यांचं नाक काही लहान नाही. वैतागून यांनी कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला.

"अगं, टोमॅटो बदललास का?"

"मी जागची हललेसुद्धा नाही."

पुन्हा डावा लावला, पुन्हा उजवा. मग कॅमेरा बाजूला ठेवून नुसत्या हाताने एकेक डोळा झाकून बघितलं, आणि एकदम खिडकीबाहेर वाकून ओरडले, "ती पाटी कोणी गुलाबी केली?"

मग त्यांना स्वतःलाच उमगलं आणि हे खाली बसले.

"किती आहेत अशा?" त्यांनी विचारलं. मला रडू येत होतं, पण खोटं बोलवेना. फोन पुढे केला. डावा डोळा झाकून यांनी एकेक पाटी पाहिली, अगदी सावकाश. इतके दिवस चांगला डोळा मिटून ठेवला होता, आणि ज्याच्यावर भरवसा टाकला तो डावा त्यांना फसवत होता.

मग अग्निशमन केंद्रावर फोन लावला. "साहेब, दाराला उद्या हात लावत नाही. आधी डोळा दाखवायचाय. हात ठीक आहे हो, डोळा." तिकडून काय म्हणाले कोण जाणे. यांनी मान डोलावली. "थांबा म्हणजे झालं. तुमचा लाल मीच लावणार."

फोन ठेवला आणि डावा डोळा झाकून माझ्याकडे, माझ्या अंगातल्या स्वेटरकडे बघत राहिले.

"हा स्वेटर..."

"लाल आहे," मी घाईने म्हटलं.

"गुलाबी आहे," हे म्हणाले. "आणि तू रोज घालतेस."