धाकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा

मी एक जुने विमान आहे. नाव विचारू नका, मित्रांनो. मला ते कोणी ठेवलेच नाही. माझ्या पाठच्या भावंडाला मात्र ठेवले, तेही सोनेरी अक्षरांत.

आम्हा दोघांना एकाच माणसाने बनवले, धावपट्टीच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. कुठेही न उतरता, वाटेत पेट्रोल न भरता पृथ्वीला फेरी मारायची, हे त्याचे लहानपणापासूनचे वेड. मी त्याचे पहिले विमान. माझे पंख त्याने आठ महिने हाताने घासून गुळगुळीत केले. जगाची फेरी मीच मारणार, असे मी धरून चालले होते.

पण माझे वजन जास्त भरले. मग मिस्त्रीने दुसरे विमान करायला घेतले. माझ्यावर झालेली प्रत्येक चूक त्याने धाकट्यात सुधारली. माझ्या पुढच्या पंख्याची पाती कापून पाहिली, टाक्या उघडून पाहिल्या, आणि जे जमले ते सारे त्याच्या अंगी गेले. ते लांब पंखांचे, हलके, देखणे निघाले. मी कोपऱ्यात उभे राहून जळत होते.

त्याच सुमारास डॉक्टरांना मिस्त्रीच्या हृदयात दोष आढळला. त्याला उड्डाणाची परवानगी मिळेना. शेवटी त्याची धाकटी बहीण वैमानिकाच्या खुर्चीत बसली. ती टपालाची विमाने चालवायची. मिस्त्रीने स्वतः तिचे पट्टे आवळले आणि तो बाजूला झाला.

धाकटे उडाले. शेडमध्ये रेडिओभोवती माणसे जमत, नकाशावर टाचण्या पुढे सरकत. प्रत्येक टाचणी मला टोचे. खोटे कशाला बोलू, मित्रांनो? ते परत आले नाही तर बरे, असे मी मनात म्हटले.

सहाव्या दिवशी दुपारी रेडिओवर बहिणीचा थकलेला आवाज आला. उजव्या टाकीचा पंप बंद पडला होता. टाकी भरलेली, पण पेट्रोल इंजिनापर्यंत येत नव्हते. खाली नुसता समुद्र, आणि डाव्या टाकीत जेमतेम दोन तासांचे पेट्रोल.

मिस्त्री धावत माझ्याकडे आला. आमच्या नळ्या आणि पेट्रोल सोडायच्या तिन्ही कळा सारख्याच होत्या. त्याने माझी उजवी टाकी भरली, तिचा पंप बंद ठेवला आणि पेट्रोल उतारावरून आपोआप डाव्या टाकीत जाते का ते पाहायला चार माणसांना माझा उजवा पंख खांद्यावर उचलून धरायला सांगितले. मग रेडिओ जवळ घेत माझ्या खुर्चीत बसून तो एकेक कळ वेगवेगळ्या क्रमाने उघडून पाहू लागला. तीनदा केले, तिन्ही वेळा नळी कोरडी. मला मनातून बरे वाटले, हे कबूल करते.

तेवढ्यात त्याने रेडिओ बंद केला, कपाळ माझ्या काचेला टेकवले आणि हळूच म्हणाला, "मलाच जायचं होतं रे. तिला नाही, मला."

मग त्याने डोळे पुसले, परत कळांना हात घातला आणि या वेळी पुढची कळ बंदच ठेवली. माझ्या नळीतून पेट्रोल खळखळत डाव्या टाकीत उतरले. त्याने घाईने रेडिओ लावला.

"ऐक, डावा पंख खाली झुकव. आधी मधली कळ उघड, मग मागची. पुढचीला हात लावू नकोस."

बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. मग ती म्हणाली, "आलं, दादा. येतंय पेट्रोल."

त्या क्षणी मीही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि माझे मलाच नवल वाटले.

नवव्या दिवशी धाकटे उतरले. विक्रम झाला. आज ते मोठ्या दालनात, काचेच्या छताखाली टांगलेले आहे. मी पुढे अनेक वर्षे शिकाऊ वैमानिकांचे धक्के खाल्ले आणि आता शेडमागे उभे आहे. एकदा शाळेची मुले आली होती. एकीने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, तर बाई म्हणाल्या, "ते काही नाही, चला पुढे."

हेवा अजून गेलेला नाही, मित्रांनो. तो जातो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण आपल्याला हवे ते दुसऱ्याला मिळत असतानाही माणूस त्याला सुखरूप घरी आणू शकतो, हे मी माझ्याच खुर्चीत पाहिले आहे.

म्हणून एवढेच मागते. ज्याच्यावर चुका करत तुम्ही शिकलात, ती जुनी सायकल असो, पाटी असो की थोरले भावंड असो, त्याला अडगळीत टाकू नका. आणि कधी शेडमागे आलात, तर माझ्या चाकांत जरा हवा भरा. एका बाजूला कलून उभे राहवत नाही हो.