खांब मैदानाबाहेर जातो

“हात परत चालायला लागला म्हणजे सुटलो असं समजू नकोस हं. एकदा दाखवून आण सासऱ्यांना,” वरच्या मजल्यावर राहणारी नर्स जिन्यातच थांबून म्हणाली होती. सुनेनं “हो, हो” म्हणत मान डोलावली आणि विषय सोडून दिला.

सोडून द्यायला कारणही होतं. पोर नुसतं शिंकलं तरी थर्मामीटर शोधायला धावणारी ती. नवरा तिला ‘काळजीमंत्री’ म्हणायचा. तेव्हा आता उगाच राईचा पर्वत करायचा नाही, असं तिनं नुकतंच स्वतःला बजावलं होतं. आणि झालं तरी काय होतं? सासऱ्यांच्या डाव्या हातातून एक काच निसटली, दहाएक मिनिटं हात बधिर वाटला, मग ताळ्यावर आला.

“मुंग्या आल्या गं, बाकी काही नाही,” सासरे म्हणाले होते. “चाळीस वर्षं काचा कापतोय. मला काय धाड भरलीये?”

सासऱ्यांचं काचेचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. खिडकीची काच असो की फोटोची, काच कापायचा हिरा एकदाच फिरवायचे आणि बोटाच्या एका टिचकीनं सरळ तुकडा पाडायचे. तरुणपणी ते कारखान्याच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळत. समोरचे त्यांना धडकून पडायचे, हे जागचे हलायचे नाहीत, म्हणून नाव पडलं खांब. एका सामन्यात खांद्याचं हाड मोडलं, तर बाहीची झोळी करून हात गळ्यात अडकवला आणि उरलेली वीस मिनिटं खेळले. ही गोष्ट सुनेनं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तीनदा ऐकली होती, तीही तीन वेगवेगळ्या तोंडांतून.

त्यातली दोन तोंडं दर रविवारी दुपारी दुकानात हजर असत. एक टॅक्सी ड्रायव्हर, दुसरे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. शटर अर्धं खाली, काच कापायच्या, जाड गालिचा अंथरलेल्या टेबलाभोवती तीन खुर्च्या आणि फळीवर टीव्ही. सामना कुठलाही असो, भांडण एकच.

“बघा, बघा त्या गोलकीपरला!” मास्तर त्या रविवारी खुर्चीतून अर्धे उठले. “एक गोल पुढे आहेत म्हणून बूट बांधत बसलाय. तिसऱ्यांदा! ही चोरी आहे, शुद्ध चोरी. पैसे नाही तर वेळ चोरायचा.”

“चोरी कसली? अक्कल आहे ती,” ड्रायव्हर म्हणाला. “सिग्नल पडला की मी नाही का काच पुसून घेत?”

“तू तर हिरवा झाल्यावरही पुसतोस.”

“अहो मास्तर, जिंकायला उतरलेत ते. शिस्तीचं बक्षीस घ्यायला नाही.”

“बूट बांधू दे रे एक वेळ,” सासरे म्हणाले. “पण हे लोळणं? नुसता वारा लागला की आडवे! आमच्या वेळी पडणाऱ्याला घरी तोंड दाखवायची सोय नव्हती. पडायचंच असेल तर गादीवर पडावं. दुखणं काय, अंगावर काढायचं असतं.”

एवढ्यात पडद्यावर पिवळ्या शर्टातला एकजण गुडघा धरून कोसळला, आणि तिघांचा नेम सुरू झाला. मास्तरांनी गळ्यातलं स्टॉपवॉच दाबलं. शाळेत पळण्याच्या शर्यती घेतानाचं होतं ते. तिघं एका सुरात मोजायला लागले, “एक... दोन... तीन...” नवाला पिवळा टुणकन उठला. “नाटक!” तिघं ओरडले. मधल्या दारात आईच्या कडेवर बसलेल्या दीड वर्षाच्या पोरीनंही टाळ्या पिटल्या. तिला हा खेळ पाठ होता. ती स्वतः धपकन बसायची, आजोबा मोजायचे, आणि ती उठली की “नाटक!”

दुसऱ्या अर्ध्यात सासरे आवाज वाढवायला उठले. दोन पावलं गेले, आणि टेबलाच्या पायाला पाठ लावून सावकाश जमिनीवर बसले.

“अरे, खांब पडला!” ड्रायव्हरनं मांडीवर थाप मारली. “इतिहास घडला राव! मास्तर, मोजा!”

मास्तरांनी हसत बटण दाबलं. “एक... दोन... तीन...”

सून दारात उभी होती. पोर हातातून खाली वाकून टाळ्या वाजवत होतं. आणि सुनेला काहीतरी खटकलं. काय ते कळायला तिला दोन आकडे लागले. नाटक करणारा माणूस सगळ्यांकडे बघतो. कुठे दुखतंय ते दाखवतो, ओरडतो, पंचाकडे एक डोळा ठेवतो. सासरे कुणाकडेच बघत नव्हते. त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निघाली होती आणि ते ती उजव्या पायात, दुसऱ्या चपलेवरच चढवायला बघत होते. अगदी मन लावून.

“...सहा... सात...”

“थांबा!” ती ओरडली. पोरीला तिनं मास्तरांच्या मांडीवर जवळजवळ टाकलंच. “बाबा, माझ्याकडे बघा. दोन्ही हात वर करा.”

बालरोगतज्ज्ञाकडे नंबर लागेपर्यंत भिंतीवरचा प्रत्येक कागद वाचायची तिला खोड होती; पक्षाघात कसा ओळखायचा, तेही तिनं तिथंच वाचलं होतं. उजवा हात वर आला. डावा थोडा उचलला आणि ओघळल्यासारखा खाली गेला.

“काही... नाही,” सासरे म्हणाले. शब्द भिजल्यासारखे जड. “सामना... संपू दे. उठतो.”

“काका, गाडी काढा,” ती ड्रायव्हरला म्हणाली. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण पाय धावले होते. शटर वर गेल्याचा आवाज आला.

सासरे मात्र टेबलाचा पाय उजव्या हातानं धरून बसले. “उचलून... नाही जाणार. मी चालत... दहा मिनिटं बसू दे. अंगावर... काढलंय ह्याहून...”

मास्तर म्हणाले, “अरे, ऐक तिचं.” ते ऐकेनात. खांबच ते. सुनेला रडू फुटायच्या बेतात होतं. सासऱ्यांना ती कधी उलटून बोलली नव्हती. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“बाबा, हे अंगावर काढणं नाही. तुम्ही वेळ काढताय.”

सासऱ्यांनी वर पाहिलं.

“त्या गोलकीपरसारखा,” ती म्हणाली. तिनं शब्द परत घेतला नाही. “सरळ सरळ वेळकाढूपणा आहे हा.”

आयुष्यात त्यांना कुणी काय काय म्हटलं होतं. दांडगट, दगड, एकदा तर खाटीक. हे मात्र कुणी म्हटलं नव्हतं. वाकड्या झालेल्या ओठांवर राग आला, मग तो विरला. त्यांनी टेबलाचा पाय सोडला आणि उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

“चल,” म्हणाले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “नेमकं कधी सुरू झालं? अंदाजे नको. त्यावरच ठरतं इंजेक्शन देता येईल की नाही.”

सून गोंधळली. चार वाजले होते? साडेचार? ड्रायव्हर म्हणाला, “कॉर्नर मिळाला होता तेव्हा...” पोरीला खांद्यावर घेऊन मागे उभे असलेले मास्तर पुढे आले. त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच डॉक्टरीणबाईंसमोर धरलं. ते अजून चालूच होतं. गडबडीत बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“चौतीस मिनिटं, अकरा सेकंद,” मास्तर म्हणाले. “बाई, मी बसून... आम्ही हसत मोजत होतो हो.”

“बरं केलंत मोजलंत ते,” त्या म्हणाल्या आणि धावत आत गेल्या. डोक्याची तपासणी झाली. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन वेळेत गेलं. कामावरून धापा टाकत आलेल्या नवऱ्यानं त्या संध्याकाळी तिला काळजीमंत्री म्हटलं नाही. नुसता तिच्या शेजारी बसून राहिला.

दोन महिने गेले. सासऱ्यांचं बोलणं परत आलं, चालायला काठी लागली. डावा हात अजून आळशी. काच ते मुलाकडून कापून घेतात आणि “रेघ बघ, गांडूळ सरपटल्यासारखी” म्हणून त्याचा उद्धार करतात. दर पंधरवड्याला दवाखान्यात जायचं असतं, तेव्हा दहा मिनिटं आधीच बूट घालून दारात उभे. उशीर झाला तर सुनेलाच म्हणतात, “वेळ काढू नकोस.”

गेल्या रविवारी पुन्हा तिघं जमले. पिवळे एक गोल पुढे, वीस मिनिटं बाकी. भांडण रंगात आलं होतं. ड्रायव्हर चहाचा ट्रे आतून घेऊन आला, तो टेबलावर ठेवला आणि तसाच टेबल धरून उभा राहिला.

“काय रे?” सासरे म्हणाले.

“काही नाही. दम लागलाय जरा. जिना चढलो सकाळी.”

“सकाळी चढलास आणि दम आत्ता लागला?”

“अरे, होतं असं अधूनमधून. बसलो की थांबतं. सामना बघा तुम्ही.”

सुनेनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी सासऱ्यांनी काठी घेतली होती. त्यांनी टीव्हीकडे एकदा पाहिलं, फार लोभानं पाहिलं, आणि पाठ फिरवली. “मास्तर, पोरीला धरा. सूनबाई, दुसरी टॅक्सी बोलाव. ह्याला चालवू द्यायची नाही.”

“अरे खांबा, शेवटची वीस मिनिटं आहेत! पिवळे जिंकतायत!”

“जिंकू देत,” सासरे म्हणाले. “उठ.”

ड्रायव्हर पुटपुटत उठला. एकानं काठी धरलेली, दुसऱ्यानं काठी धरणाऱ्याला. कोण कुणाला नेतंय ते मागून बघणाऱ्याला कळलं नसतं. शटरखालून दोघं वाकून बाहेर पडले. आत लोक ओरडत होते, गोल झाला असावा. दोघांपैकी एकानंही मागे वळून पाहिलं नाही.

ड्रायव्हरचं निदान वेळेत झालं, हृदयाचं दुखणं निघालं, औषध सुरू आहे. पण तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल, ‘बसलो की थांबतं’ म्हणणारा. हे वाचून झालं की त्याला फोन करू नका. फोनवर तो ठणठणीतच असतो. जाऊन बघून या.