डोंगरातली जागा

कामिनोसावा गावात एक रीत होती. डोंगरात रानभाजी कुठे उगवते ते कुणाला सांगायचे नाही. शेजाऱ्याला नाहीच, पोटच्या पोरालाही नाही. किनुएच्या सासूने मरताना कुठला किमोनो कुठल्या खणात आहे ते सांगितले, पण कोवळ्या कोंबांची भाजी देणारी कोशिआबुराची झाडे कुठे आहेत ते सांगितले नाही. ती किनुएने सासूच्या मागावर राहून हुडकली होती.

मग किनाऱ्यावरची अणुभट्टी फुटली आणि गाव उठले. आज इतक्या वर्षांनी गावात राहण्यावरची बंदी उठत होती. समाजमंदिरात पाहुणे जमले होते, टीव्हीवाले आले होते, आणि मागच्या स्वयंपाकघरात किनुए कोशिआबुराचे कोवळे कोंब पिठात बुडवून तळत होती.

गावप्रमुख यासुहेई आत आला.

"वहिनी, माइक दिला की एवढंच म्हणा, हे कोंब आपल्या डोंगरातले. बाकीचं मी बघतो."

"कोंबांच्या खोक्यांवर तर यामागाता प्रांताचं नाव आहे, भावजी."

"म्हणून तर निर्धास्त राहा. तपासलेले आहेत. खाणाऱ्याला काही होणार नाही."

"आज खाणाऱ्याचं नाही म्हणत मी. हे ऐकून उद्या टोपली घेऊन वर जाईल त्याचं काय?"

"घरं धुतली, अंगणं खरवडली, माती पिशव्यांत भरून नेली..."

"आणि डोंगर? तो कुणी धुतला?"

यासुहेई वाईट माणूस नव्हता. निर्वासितांच्या छावणीत त्याने आपले पांघरूण किनुएच्या नवऱ्याला दिले होते. तो हळू आवाजात म्हणाला, "लोक आले नाहीत तर गाव मरेल, वहिनी."

किनुएने तळलेले कोंब ताटात काढले. तिला खिडकीतून तरुण चिहारु दिसत होती, पाठीला तान्ही मुलगी बांधलेली. मागच्याच आठवड्यात ती राहायला येण्याआधी घर लावायला गावात आली होती आणि पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "आजी, कोंब खुडायला मला न्याल ना? हिला गावची चव लागू दे."

बाहेर पाहुण्यांसमोर माइक हातात आला तेव्हा किनुएने तो दोन्ही हातांनी धरला. चार माणसांत बोलायची तिला सवय नव्हती.

"हे कोंब यामागाताचे आहेत," ती म्हणाली. "आपल्या डोंगरातले खाऊ नका. दिसायला तसेच आहेत, चवीलाही तसेच लागतील. पण हे झाड मातीतलं ते विष ओढून घेतं. ज्यांनी ते सांडलं त्यांनी आपली अंगणं झाडून दिली आणि म्हणाले, झालं, राहा आता. मी नाही म्हणणार झालं."

यासुहेईने हात पुढे केला. तिने माइक सोडला नाही.

"माझी जागा सांगते. देवळामागची वाट, वीज पडलेलं झाड, तिथून ओढ्यापलीकडचा उतार. कुणीही जायचं नाही."

विषाचे ऐकून जे हलले नव्हते ते म्हातारे आता ताठ बसले. तोमेजी तर उठूनच उभा राहिला.

"म्हणजे माझी झाडं ओरबाडणारी तू होतीस?"

"तुझी कशी? माझ्या सासूची."

"आणि मी अस्वलाला शिव्या देत बसलो."

"अस्वल फांद्या मोडतं. मी कधी मोडली का?"

सगळे हसले. तोमेजी हसला नाही. खाली बघत म्हणाला, "अळंबी उत्तरेच्या कड्यावर. पाइनच्या मुळाशी. बापानं मला सांगितली नव्हती... तिकडेही जाऊ नका."

मग कोपऱ्यातल्या एका म्हातारीने आपली सांगितली. मग तिच्या दिराने. कुणाची जागा कुणी लुटली यावरून दोघे हमरीतुमरीवर आले.

"भावजी, तुमची?" किनुएने विचारले.

यासुहेईने पाहुण्यांकडे पाहिले, टीव्हीवाल्यांकडे पाहिले. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाला, "जुन्या कोळसाभट्टीच्या वर." आणि खुर्चीत बसला.

चिहारु पुढे आली. "किती वर्षं, आजी?"

"माझ्या हयातीत नाही. तुझ्याही नाही, बहुतेक."

"मग मी राहू की जाऊ?"

"ते तू ठरव. पण ठरवताना खरं माहीत असू दे."

टीव्हीवाला कानावरचा हेडफोन नीट करत म्हणाला, "काकू, ते जागांचं सगळे परत सांगाल का? मध्ये गलका झाला."

"सांगतो की," किनुए म्हणाली, आणि तिने तोमेजीला हाताला धरून माइकपाशी ओढले.