सरांच्या सहीचा बदल

मंगळवारी सकाळी भुवनेश्वरीनं लॅपटॉप उघडला आणि चहा तसाच निवत राहिला. कल्याणप्पा सरांच्या डिजिटल सहीनं संगणक प्रणालीच्या कोडमध्ये एक बदल आला होता.

जगभरची माणसं पंचवीस वर्षं बिनपगारी ती संगणक प्रणाली चालवत होती. कुणीही फुकट वापरावी. तिच्यातला पासवर्ड तपासणारा भाग दोघंच सांभाळत: नळदुर्गचे निवृत्त शिक्षक कल्याणप्पा आणि मुरुमच्या कॉलेजात शिकवणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी भुवनेश्वरी.

तिनं बदल पुन्हा पुन्हा वाचला. एक ठरावीक शब्द टाकला की ती प्रणाली असलेलं कुठलंही यंत्र उघडणार होतं. दवाखान्यांतली, बँकांतली, सगळी. नवी आवृत्ती चार वाजता जगभर जाणार होती.

तिनं बदल काढून टाकला. दहा मिनिटांत तो परत आला, सरांच्याच सहीनं. तिनं फोन लावला.

"सर, आत्ता काही पाठवलंत?"

"न्हाय बाई. सकाळपासून मळ्यात हाय."

म्हणजे सरांची सही दुसराच कुणी वापरत होता. आवृत्ती सोडणाऱ्यांना तिनं 'थांबा' असं लिहिलं; उत्तर आलं नाही. सरांची सही रद्द केल्याशिवाय बदल परत येतच राहणार होता; तिनं नळदुर्गची एसटी धरली.

सर दारातच होते. तिचं ऐकून त्यांनी तिला आत नेलं.

"एक जण वरीसभर पत्र लिहायचा. लई गोड. मला आताशा आठवत न्हाय गं. काम अडू नये म्हणून सहीची चावी त्याला दिली."

"सही रद्द करायची फाइल कुठंय?"

"कुठं ठेवली, तेच..."

त्यांनी कपाटं उपसली. भुवनेश्वरी घड्याळाकडं बघायचं टाळत होती. साडेतीनला ती फाइल असलेला पेनड्राइव्ह सुईदोऱ्याच्या डब्यात सापडला. सही रद्द करायचं बटण सरांनीच दाबलं. तिनं बदल पुन्हा काढला. या खेपेला तो आला नाही. चार वाजायला सात मिनिटं असताना उत्तर आलं: आवृत्ती थांबवली आहे.

"सगळ्यांना खरं सांग," सर म्हणाले. "माझ्या नावासकट."

तिनं सांगितलं. खाली लिहिलं की आता ती एकटीच उरली आहे, कुणीतरी सोबतीला या. शुक्रवारपर्यंत तीन नावं आली. तिघांची पत्रं नम्र होती, कामही स्वच्छ. एकालाही तिनं कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवस तिनं कुणालाच उत्तर दिलं नाही.